आपली ओळख सांभाळताना

आपल्या बहुतेक घरांत कागदांची एक पिशवी असते. कुठे ती पत्र्याच्या पेटीत तळाशी असते, कुठे पलंगाखालच्या सुटकेसमध्ये, तर कुठे कपाटात साड्यांच्या घडीखाली. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, झोपडीचा फोटोपास, विम्याच्या पावत्या असे सगळे तिच्यात कोंबलेले असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या दिवशी कुर्ला, साकीनाका, घाटकोपरच्या सखल वस्त्यांतील लोकांनी मुलाबाळांच्या पाठोपाठ ही पिशवीच माळ्यावर चढवली. ज्यांना ते जमले नाही त्यांचे पुढचे कित्येक महिने दुबार दाखल्यांसाठी तहसील कचेरी आणि शाळा यांच्या फेऱ्या मारण्यात गेले.

त्या काळी कागदाच्या बाबतीत एकच भीती होती, तो हरवण्याची किंवा भिजण्याची. आज तिच्यात दुसऱ्या भीतीची भर पडली आहे. कागद आपल्या पिशवीत सुखरूप असतो, परंतु त्याचे चित्र सायबर कॅफेच्या संगणकावर, कुणाच्या तरी मोबाईलमध्ये आणि एखाद्या कर्ज देणाऱ्या ॲपच्या साठ्यात जाऊन बसलेले असते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. सभासद बंधू-भगिनींनी आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे, म्हणून प्रस्तुत लेखाचा हा प्रपंच.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. खातेदारांना काळजी घ्या म्हटले की बरेच जण हसून म्हणतात, "साहेब, आमच्या खात्यात आहे तरी काय? चोर आला तर तोच चार पैसे ठेवून जाईल." बोलणे गमतीचे असले तरी त्यात मोठा गैरसमज आहे. चोराला दर वेळी आपले पैसे हवे असतात असे नाही. पुष्कळदा त्याला आपले नाव हवे असते. ज्याच्या नावावर कर्ज नाही, खटला नाही, असा स्वच्छ माणूस त्याला फार उपयोगाचा असतो. त्याच्या पॅनकार्डवर कर्ज उचलता येते, त्याच्या आधारवर सिमकार्ड घेता येते, त्याच्या कागदांवर खाते उघडून त्यात दुसऱ्याच कुणाचे लुबाडलेले पैसे फिरवता येतात. पुढे वसुलीवाला किंवा पोलीस दारात येतो तो आपल्या. २०२२ साली देशात अनेकांना आपल्या पॅनवर न घेतलेल्या कर्जाची नोंद असल्याचे आढळले. रक्कम काही हजारांचीच होती, पण त्यामुळे त्यांचा पतदर्जा घसरला. मुलाच्या उच्च शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेल्यावरच ही गोष्ट कळते, हे त्यातले वाईट.

नोंद करून ठेवणे ही निरुपद्रवी बाब आहे, असे समजणाऱ्यांनी आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास पाहावा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पूर्ण जमातीच्या जमाती नोंदवहीत चढवल्या. १९११ च्या कायद्याने नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देण्यात कित्येक पिढ्यांचे आयुष्य गेले. माणसाने गुन्हा केला की नाही हे कुणी विचारत नसे, वहीत नाव आहे एवढेच पुरे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, परंतु वहीतले नाव लोकांच्या मनातून पुसले जायला कायदा पुरत नाही, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. नोंदवही कोणाच्या हातात आहे आणि तिचा उपयोग कशासाठी होतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्या समाजाला नवा नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे मांडण्यासाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा तयार केला. त्यातील मूलभूत हक्कांत माणसाचे घर, त्याची कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, अशी तरतूद त्यांनी सुचवली होती. अंतिम राज्यघटनेत ती स्वतंत्र कलम म्हणून आली नाही. पुढे जवळजवळ सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे आणि तो २१ व्या कलमातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच सामावलेला आहे. हा खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात दाखल केला होता. नऊ जणांत नागपूरचे न्या. शरद बोबडे होते आणि न्या. धनंजय चंद्रचूडही होते. आणीबाणीतील १९७६ च्या ज्या निर्णयात न्या. यशवंत चंद्रचूड सहभागी होते, तो चुकीचा होता असे त्यांच्या चिरंजीवांनी या निकालपत्रात स्पष्ट लिहिले. विद्यार्थ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा, निदान त्याचा सारांश तरी वाचावा.

आधारची पहिली कार्डे आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आली. आधारविषयी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. २०१६ च्या आधार कायद्यानुसार नोंदणी करताना जात, धर्म, वंश, भाषा, उत्पन्न यांची माहिती घेता येत नाही. ही चांगली तरतूद आहे. अडचण पुढे येते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आपण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार एकत्र जोडतो. कायद्याने ज्या गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या, त्या आपल्या एका पीडीएफ फाइलमध्ये एकत्र येतात. ती फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला आपली संपूर्ण कुंडलीच मिळते. ज्यांनी कुंडली मानणे सोडले त्यांचीही!

जातीची माहिती ही विशेष जपण्याची गोष्ट आहे, हे एके काळी सरकारलाही मान्य होते. २०१९ साली संसदेत मांडलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात 'संवेदनशील' माहितीची वेगळी यादी होती. तिच्यात आरोग्य, आर्थिक व्यवहार, धार्मिक व राजकीय श्रद्धा यांच्यासोबत जात व जमात यांचाही स्पष्ट उल्लेख होता. ते विधेयक मागे घेण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला त्यात हा संवेदनशील माहितीचा वर्गच ठेवलेला नाही. जात आणि जेवणाची आवड यांना एकच माप लावण्यासारखे हे झाले. आमच्या मते ही मोठी उणीव आहे आणि तिच्याविषयी आपल्या संघटनांनी बोलायला हवे. पूर्वी प्रवेशाची गुणवत्ता यादी कॉलेजच्या फलकावर लागे. नावापुढे प्रवर्ग असे. चार-आठ दिवसांनी ती फाटून जाई. आता तीच यादी पीडीएफ होऊन इंटरनेटवर चढते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. दहा वर्षांनी मुलाखत घेणारा अधिकारी किंवा अंधेरीत घर भाड्याने देणारा मालक नाव टाकून ती शोधू शकतो. राखीव जागेवर शिकण्यात लाज बाळगण्यासारखे काहीही नाही, तो आपला घटनादत्त हक्क आहे. पण ही माहिती कोणाला आणि केव्हा सांगायची हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाकडे असायला नको का?

आता चोरी होते कशी, ते पाहू. संगणकाची कुलपे फोडणारे कुणी अतिहुशार लोक हे करतात असा समज आहे. असे लोक असतातच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसून ९४ कोटींहून अधिक रक्कम लांबवली गेली, त्यातली बरीचशी खोट्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढली गेली. त्याआधी, २०१६ साली, एटीएमची व्यवस्था पाहणाऱ्या एका यंत्रणेतील दोषामुळे देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली आणि बँकांना लाखो कार्डे बदलून द्यावी लागली. अशा प्रकारांत खातेदाराच्या हातात फारसे काही नसते. जबाबदारी बँकेची असते.

पण पुण्यातलेच दुसरे, जुने प्रकरण अधिक बोलके आहे. २००५ साली पुण्याच्या एका कॉल सेंटरमध्ये सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांची कामे चालत. तेथील काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी गोड बोलून, मदत करण्याच्या मिषाने त्यांचे पिन क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. आत-बाहेर जाताना तेथे झडती होत असे, त्यामुळे आकडे बहुधा पाठ करूनच बाहेर नेले गेले. एकही कुलूप फुटले नाही. समोरच्याने विचारले आणि माणसाने सांगितले, एवढेच झाले. गेल्या वीस वर्षांत साधने बदलली, पण मूळ युक्ती तीच राहिली आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याचे एका रात्रीत १ कोटी ८६ लाख रुपये गेले. रात्री त्यांच्या मोबाईलवर सहा मिस्ड कॉल आले आणि पुढे फोनच बंद पडला. चोरांनी त्यांच्या नावाने तोच क्रमांक असलेले दुसरे सिमकार्ड सुरू करून घेतले होते. मूळ सिम मेले, ओटीपी नव्या सिमवर जाऊ लागले आणि रक्कम अनेक खात्यांत वाटली गेली. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की नुसते सिम बदलून चोराला पैसे काढता येत नाहीत. खाते क्रमांक, जन्मतारीख, नेट बँकिंगचे नाव, पासवर्ड या गोष्टी त्याला अगोदरच कुठून तरी मिळालेल्या असतात. सिम ही शेवटची पायरी. म्हणून भरवस्तीत मोबाईलचे नेटवर्क अचानक गेले आणि शेजारच्याचे चालू असले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच मोबाईल कंपनीला आणि बँकेला कळवावे. दूरसंचार खात्याने २०२२ च्या अखेरीस सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश कंपन्यांना दिला, तो अशाच घटनांमुळे.

लोकल गाडीत चोरीला जाणाऱ्या मोबाईलचेही तसेच आहे. घाटकोपर किंवा अंधेरीच्या गर्दीत फोन गेला की आपण त्याच्या किमतीची हळहळ करतो. आतल्या कागदांचे काय? गॅलरीत आधारचा फोटो, पासबुकाचा फोटो, आणि 'लक्षात राहावे' म्हणून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला एटीएमचा पिन. फोनला कुलूप असले तरी सिमला वेगळा पिन ठेवता येतो, तो ठेवावा, नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याला मिळू लागतात. हरवलेला फोनच निकामी करून टाकण्याची सरकारी सोय सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वप्रथम महाराष्ट्रात सुरू झाली. आता ती संचार साथी या संकेतस्थळावर आहे. तेथेच आपल्या नावावर एकूण किती सिमकार्डे चालू आहेत हेही पाहता येते. आपले नसलेले एखादे सिम दिसले तर तेथूनच ते बंद करण्याची मागणी करता येते. हे काम पाच मिनिटांचे आहे. घरातील थोरामोठ्यांच्या नावांचीही अशीच तपासणी मुलांनी करून द्यावी.

आता काउंटरच्या अलीकडची थोडी माहिती. पूर्वी बँकेत नमुना सह्यांची कार्डे कुलपात असत आणि खातेदाराच्या शिलकीविषयी सख्ख्या भावालाही सांगितले जात नसे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातच ग्राहकांच्या व्यवहारांची गुप्तता पाळण्याचे बंधन घातलेले आहे. बँकेचा कोणताही कर्मचारी, मग तो शिपाई असो की व्यवस्थापक, खातेदाराचा पिन, पासवर्ड किंवा ओटीपी विचारत नाही. त्याला त्याची गरजच नसते. आमच्यासमोरच्या संगणकावर खाते दिसते, पण खातेदाराचा पिन आम्हालाही दिसत नाही. 'आज रात्री खाते बंद होईल, केवायसी करा' असा संदेश आला की घाबरू नये. केवायसीसाठी शाखेत यावे. रांगेत अर्धा तास जाईल, ते मान्य! बँकेचे संकेतस्थळ खरे की खोटे हे ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये एक चांगली सोय केली. देशातील बँकांना आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' लावायला सांगितले. शेवट तसा नसेल तर पुढे जाऊ नये. आणि बँकेचा मदत क्रमांक गूगलवर शोधू नये, तेथे चोरांनीच आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे जो छापला आहे तोच घ्यावा.

अलीकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, किंवा गाडीच्या दंडाचे चलन येते. उघडायला जावे तर ते चित्र नसते, एपीके प्रकारची फाइल असते, म्हणजे एक ॲपच. ते फोनमध्ये उतरले की आपले एसएमएस परस्पर चोराकडे जाऊ लागतात. लग्नसराईत अनोळखी क्रमांकावरून आलेल्या पत्रिकेला न गेल्याने कुणी रागावत नाही. कुणी पोलीस किंवा सीबीआयचा गणवेश घालून व्हिडिओवर येतो आणि 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणतो. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा. निवृत्त शिक्षक, निवृत्त अधिकारी असे शिकलेले लोकही याला बळी पडले आहेत, कारण समोरचा माणूस त्यांचा आधार क्रमांक आणि पत्ता अचूक वाचून दाखवतो. आपल्याविषयी एवढे ठाऊक असलेला माणूस सरकारीच असणार, असे वाटते. फुटलेल्या माहितीचा खरा उपयोग चोराला हाच होतो.

आधारच्या बाबतीत काही सोयी आहेत, त्या वापरल्या जात नाहीत. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवता येतो, त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. बहुतेक ठिकाणी ओळख पटवण्यासाठी तो पुरतो. आधार क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा आकड्यांचा तात्पुरता क्रमांक मिळतो, त्याला व्हीआयडी म्हणतात. बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते, आणि हे तर आमच्या मते प्रत्येकाने करावे. कारण ठसा पासवर्डसारखा बदलता येत नाही. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उतरवून त्यांच्या रबरी नकला बनवल्या आणि त्यांवर सिमकार्डे सुरू केली. खेड्यात ज्यांचे आई-वडील अंगठा लावून पैसे काढतात त्यांनी मात्र कुलूप लावण्याआधी विचार करावा, कारण मग प्रत्येक वेळी ते उघडावे लागते. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहावे: कोणासाठी, कोणत्या कामासाठी, तारीख आणि सही. याने चोरी पूर्ण थांबत नाही, पण तीच प्रत दुसरीकडे खपवणे अवघड होते. आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की शाळेचा प्रवेश, बँकेचे खाते आणि मोबाईलचे सिम यांसाठी आधारची सक्ती करता येत नाही. दुसरा ओळखीचा पुरावा चालतो. सरकारी अनुदान, शिष्यवृत्ती व पॅन यांच्यासाठी मात्र तो लागतो.

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच आहे तर विद्यार्थ्यांशी थोडे अधिक बोलले पाहिजे. महाडीबीटीचा अर्ज भरण्याच्या दिवसांत सायबर कॅफेत केवढी गर्दी असते! मुले पेन ड्राइव्ह देतात किंवा कॅफेवाल्याच्या व्हॉट्सॲपवर सगळे दाखले पाठवतात. तो ते संगणकाच्या डेस्कटॉपवर मुलाच्या नावाचे फोल्डर करून ठेवतो. त्याचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या वर्षी तोच अर्ज पुन्हा भरायचा असतो, म्हणून तो सोयीसाठी ठेवतो. पण त्या संगणकावर दिवसभरात पन्नास माणसे बसतात. सगळ्यात वाईट म्हणजे घाईत अर्जावर मोबाईल आणि ई-मेल कॅफेवाल्याचाच टाकला जातो, पासवर्डही तोच ठरवतो. मग शिष्यवृत्तीच्या खात्याची किल्ली विद्यार्थ्याच्या हातात राहतच नाही. स्वतःचा ई-मेल स्वतः काढावा, पासवर्ड स्वतः टाइप करावा, काम झाल्यावर लॉगआउट करावे, व्हॉट्सॲप वेब बंद केले की नाही ते पाहावे, फोल्डर डिलीट करून रीसायकल बिनही रिकामे करायला लावावे. कॅफेवाला कुरकुर करील. करू द्यावी. जमल्यास कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा आपल्या संस्थेच्या कार्यालयात बसून अर्ज भरावा.

आणखी एक गोष्ट मुलांना कळकळीने सांगायची आहे. "तुझे खाते महिनाभर दे, पाच हजार मिळतील" असे सांगणारे मित्राचे मित्र आता कॉलेजच्या कट्ट्यांवर दिसू लागले आहेत. एटीएम कार्ड आणि सिम त्यांच्या हवाली करायचे, बाकी काही करायचे नाही, असा तो सौदा असतो. त्या खात्यात कुणा निवृत्त माणसाची आयुष्याची पुंजी येऊन पुढे जाते. तपासाचा धागा प्रथम पोहोचतो तो खातेदारापर्यंत, म्हणजे आपल्या मुलापर्यंत. खाते गोठते, त्यातच शिष्यवृत्तीही अडकते, आणि गुन्हा नोंदला गेला तर सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो उभा राहतो. पाच हजारांसाठी ही किंमत फार झाली.

आता आपल्या घरचेच बोलू. वधू-वर परिचयाची पुस्तिका हे आपल्याच काय, सगळ्याच समाजांच्या संस्थांचे जुने आणि उपयुक्त काम आहे. पुस्तिका छापील होती तोवर तिच्या पाचशे प्रती निघत आणि त्या घरोघरी राहत. आता त्याच मुलीचा बायोडेटा पंधरा व्हॉट्सॲप गटांत फिरतो: फोटो, जन्मतारीख, उंची, पगार, कामाचे ठिकाण, राहत्या घराचा पत्ता, वडिलांचा मोबाईल. लग्न होऊन दोन मुले झाली तरी तो बायोडेटा फिरतच असतो. जन्मतारीख आणि मोबाईल एवढ्यावर चोराला निम्मे काम होते, आणि मुलीच्या दृष्टीने पैशांपेक्षाही मोठे धोके त्यात आहेत. बायोडेट्यात पूर्ण जन्मतारखेऐवजी वर्ष द्यावे, पत्त्याऐवजी 'मुलुंड' किंवा 'बोरिवली' एवढेच लिहावे, संपर्कासाठी संस्थेचा क्रमांक ठेवावा आणि दोन्ही बाजूंची पसंती आल्यावरच पुढची माहिती द्यावी. जन्मवेळ तर आपल्याला लागतच नाही, ती कशाला लिहायची?

गुणगौरव समारंभासाठी आपण गुणपत्रिका आणि जातीचा दाखला मागतो. गुणपत्रिका हवीच. दाखला कशासाठी? सभासदाची मुले म्हणून त्यांना ओळखणारी माणसे कार्यकारिणीतच असतात. मागितलेले झेरॉक्स समारंभानंतर गठ्ठ्याने रद्दीत जातात आणि पुढे भेळेच्या पुडीला लागतात, हे दृश्य कुठल्याच संस्थेला शोभणारे नाही. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. कुणाची माहिती घेताना ती कशासाठी हवी हे सांगून संमती घ्यावी, काम संपल्यावर ती पुसून टाकावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, असे त्याचे मूळ सूत्र आहे. सभासदांची यादी वहीत हाताने लिहिलेली असेपर्यंत हा कायदा तिला लागत नाही. ती एक्सेलमध्ये चढवली की लागतो. म्हणून संस्थेच्या संगणकाला पासवर्ड असावा, सभासदांची यादी दोघा-तिघांच्याच हाती असावी, आणि स्मरणिकेत सभासदांचे पत्ते व फोन छापण्याची जुनी पद्धत यापुढे प्रत्येकाला विचारूनच पाळावी. देणगीदारांचीही हरकत नसेल तरच रक्कम छापावी.

इतके करूनही पैसे गेले तर? लाजून गप्प बसणारे पुष्कळ आहेत, आणि चोराला त्याचाच फायदा होतो. पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करावा. ही व्यवस्था २०२१ साली वेगळ्या क्रमांकाने सुरू झाली होती, आता क्रमांक १९३० आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जात असतात, ते वाटेत गोठवता येतात, म्हणून येथे मिनिटांचा हिशेब आहे. दुसरा फोन बँकेला करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करून घ्यावे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे तत्त्व घालून दिले आहे की दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसेल, आणि बँकेकडून संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर त्याच्यावर मर्यादित जबाबदारी येते. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर सांगण्याने फायदाच आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. मुंबईत प्रादेशिक विभागांसाठी वेगळी सायबर पोलीस ठाणीही आहेत, परंतु जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घेतली जाते. जाताना खात्याचा उतारा, आलेले संदेश आणि कॉलचा क्रमांक व वेळ यांचे फोटो न्यावेत. फोनमधले काहीही खोडून टाकू नये, संताप आला तरी!

पॅनचा गैरवापर झाल्याची शंका असेल तर सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी एक अहवाल दर वर्षी मोफत मिळतो. तो मागवावा, आपले नसलेले कर्ज दिसल्यास त्या कंपनीकडे आणि कर्ज दाखवणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घ्यावी. तोंडी तक्रारीला काउंटरवर कुणी नाही म्हणत नाही, पण तिचा पुरावाही राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक त्याच प्रतीवर वर लिहून ठेवावा, पुढच्या प्रत्येक टेबलावर पहिल्यांदा तोच विचारला जातो.